कार्टूनमधला जपान आणि कचऱ्याच्या वाराचा जपान

नदीकाठची

२००५ च्या सुमाराला हंगामा वाहिनीवर डोरेमॉन हिंदीत सुरू झालं, पाठोपाठ शिनचॅन आला. मी तेव्हा कॉलेजात होते, पण रिमोट धाकट्या भावाच्या ताब्यात, त्यामुळे दोन्ही तोंडपाठ झाली. पुढे पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, त्या जोरावर नोकरी लागली आणि आता बरीच वर्षं तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाईला मुक्काम आहे. आपली माणसं इथेच का जमली, ते थोडक्यात सांगते. २००० साल संगणकांना समजेल का, या वायटूके भानगडीच्या वेळी जी संगणकवाली मंडळी आली, त्यांना तोझाई लाइनने ओतेमाचीच्या बँका सरळ गाठता यायच्या. शिवाय निमसरकारी यूआर वसाहतींत जामीनदार लागत नाही की घरमालकाला परत न मिळणारी 'भेट' द्यावी लागत नाही. परदेशी माणसाने जपानात घर शोधणं म्हणजे काय, हे ज्याने शोधलंय त्यालाच विचारा. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

तर मुद्दा असा. त्या कार्टूनांत आपण जे गंमत म्हणून पाहिलं, ते बरंचसं जसंच्या तसं खरं निघतं. आणि जे साधंसुधं, मागे नुसतं उभं असलेलं दाखवलंय, तेच आता कुणाला परवडत नाही.

आधी खरं काय ते. संध्याकाळी पाच वाजता पोरं खेळ टाकून घरी पळतात, ते दिग्दर्शकाच्या सोयीसाठी नाही. खांबांवर महापालिकेचे भोंगे आहेत आणि त्यांवर रोज पाचला (हिवाळ्यात पुष्कळ ठिकाणी साडेचारला) एक जुनं बालगीत वाजतं. मूळ हेतू भूकंपाच्या वेळी सूचना द्यायची यंत्रणा चालू आहे ना, ते रोज तपासण्याचा. पोरांना घरी पिटाळणं हा वरकड फायदा. माझा मुलगा घड्याळ बघत नाही, भोंगा ऐकतो.

शाळेतलं जेवण मुलं स्वतः वाढतात, पांढरा डगला आणि टोपी घालून, हेही खरं. वर्ग पुसतात, हेही खरं. पण पडद्यामागे आई काय करते ते कुणी दाखवत नाही! पहिलीत प्रवेश एप्रिलमध्ये. त्याआधी पाठीवरचं ते चामड्याचं दप्तर घ्यायचं, पन्नास-साठ हजार येन, आणि लोक ते वर्षभर आधी बघायला जातात. मग गणिताची पेटी येते. तिच्यात मोजायच्या काड्या, चकत्या, पत्ते, फासे, छोटं घड्याळ. या प्रत्येक, पुन्हा लिहिते, प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव हवं. काडी आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड. तिच्यावर चिमट्याने नावाचा स्टिकर चिकटवायचा. आपली नावं लांब, जपानी लिपीत तर आणखी लांब. नवरा म्हणाला, आडनाव सोडून दे. शाळेच्या सूचनापत्रकात आडनाव पहिलं लिहिलेलं होतं.

आणि ज्यावर मी भावाबरोबर खो-खो हसायचे तो कचरा. शिनचॅनची आई कचऱ्याच्या पिशव्या घेऊन धावत सुटते ना, ती मी आहे. जळणारा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्यांची झाकणं वेगळी, वेष्टनं वेगळी, सगळं सकाळी आठच्या आत, आणि वरून कावळ्यांसाठी जाळी नीट ओढायची. ओढली नाही तर कावळे सगळ्या गल्लीला सांगतात तुम्ही काल काय खाल्लंत ते.

आता तुम्ही सांगा. जपान, कोरिया, तैवान, कुठेही राहिला असाल तर: पडद्यावरचं काय खरं निघालं, काय नाही?

टपरीवरचा

मी पहिला! धागा झकास.

'परवडत नाही' वर माझे दोन येन. शिनचॅनचे वडील हिरोशी आठवा. मोजे वासाचे, बायकोकडून मोजून खर्ची, साहेब ओरडतो. १९९० मध्ये ते चित्रमालिकेत आले तेव्हा हा विनोदाचा विषय होता, गरीब बिचारा पस्तिशीतला नोकरदार. आता जपानी आंतरजालावर त्यांचा हिशोब मांडायचा खेळच झालाय. तोक्योजवळच्या कासुकाबेत स्वतःचं दुमजली घर, भले ३२ वर्षांचं कर्ज बाकी असेल, पण जमिनीसकट. गाडी. दोन मुलं आणि कुत्रा. बायको घरी. एकट्याच्या पगारात! माझ्या हापिसातला त्याच वयाचा जपानी सहकारी एका खोलीत राहतो आणि म्हणतो, हिरोशी-सान हे माझं स्वप्न आहे. विनोद तोच राहिला, हसणारी जागा बदलली.

डोरेमॉनमधल्या नोबिताच्या मोकळ्या पटांगणाचंही तेच. ते तीन सिमेंटचे पाइप तिथे पडलेले असतात कारण ती गोष्ट ७० च्या आसपासच्या तोक्योची आहे, जेव्हा गावभर मैलापाण्याच्या वाहिन्या टाकायचं काम चालू होतं. पाइप जमिनीखाली गेले, पटांगणावर इमारत आली. आता मोकळा प्लॉट दिसला की त्यावर नाण्यांवर चालणारं पार्किंग असतं. नोबिताचा तो दांडगट, बेसूर जियान गाणार कुठे?

पुण्याची_पमी

नदीकाठची, काड्यांवर स्टिकर वाचून मी इथे मेले!! आमच्या शाळेत वहीला कव्हर घातलं की सुटलो.

खडूस_आजोबा

कार्टून बघून समाजशास्त्र. चालू द्या.

आम्ही ऐंशीच्या दशकात कंपनीतर्फे नागोयाजवळ प्रशिक्षणाला होतो. कंपनीच्या वसतिगृहात एकच टीव्ही, जेवणाच्या हॉलमध्ये. रविवारी साडेसहाला साझाए-सान हे घरगुती कार्टून लागायचं. १९६९ पासून चालू आहे आणि अजून संपलेलं नाही, म्हणजे माझ्या निवृत्तीलाही पुरून उरलं. ते संपलं की हॉलमधल्या सगळ्या पोरांचे चेहरे पडायचे, कारण आता उद्या सोमवार. या दुखण्याला तिकडे त्या कार्यक्रमाचंच नाव आहे.

त्यात एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. जावई सासरी राहतो. आणि कुणी त्याला काही बोलत नाही! मी शेजारच्या जपान्याला विचारलं, हा घरजावई का? तो म्हणाला, नाही, त्याचं आडनाव वेगळं आहे, म्हणून चालतं. सासऱ्याचं आडनाव घेतलं असतं तर गोष्ट निराळी. सासू-सासरे, मुलगी, जावई, लहान मेहुणा-मेहुणी, नातू, सगळे एका कौलारू घरात, आणि कुणाकडे मोबाइल नाही. आजही नाही. जुनं जपान त्यात जपून ठेवलंय. पण रविवारी संध्याकाळी ते बघणाऱ्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं किती असतील, याचा विचार करा. मी करतो, कारण मुलगा न्यू जर्सीत आहे आणि मी कोथरूडला.

टपरीवरचा

आजोबा, शेवटच्या ओळीला काय उत्तर द्यावं कळेना. त्या घरातला फोन अजून डायलचा आहे, एवढीच भर.

सुवॉनकर

कोरियाची बाजू मी मांडतो. सुवॉनला, म्हणजे सॅमसंगच्या गावाला आहे, नोकरी कुठे ते ओळखा.

मालिकांत नायिका गरीब असली की छपरावरच्या खोलीत राहते आणि समोर सोलचे दिवे लुकलुकतात. खोली खरी आहे. पण उन्हाळ्यात तिथे भाजून निघतात आणि हिवाळ्यात गोठतात, ते दिवे दाखवत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे जमिनीत अर्ध्या बुडलेल्या खोल्या, ज्या 'पॅरासाइट' या ऑस्करवाल्या सिनेमामुळे जगाला कळल्या. १९७० च्या इमारत कायद्याने तळघरं सक्तीची केली होती, उत्तरेकडून हल्ला झाला तर आसरा म्हणून. राहायला देणं बेकायदा होतं. मग शहरात घरं पुरेनात, तेव्हा तेच तळघर भाड्याने द्यायला परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२२ च्या पावसात अशा घरांत पाणी शिरून माणसं गेली.

दुसरं, तुम्हाला मालिकेत कुणी दर महिन्याला भाडं देताना फारसं दिसणार नाही. 'जॉन्से' नावाची पद्धत आहे. घराच्या किमतीचा निम्म्याहून मोठा वाटा घरमालकाकडे ठेव म्हणून ठेवायचा, भाडं शून्य, दोन वर्षांनी ठेव परत. ऐकायला छान. मालकाने ते पैसे दुसऱ्या घरात घातले आणि किमती पडल्या की परत कुठून देणार? गेल्या काही वर्षांत यात फसवणुकीची प्रकरणं इतकी झाली की माझ्या टीममधली पोरं घर घेण्याआधी मालकाची कुंडली काढतात. शब्दशः नव्हे, निबंधकाच्या कार्यालयातली.

आणि कचरा! नदीकाठची, तुम्ही नशीबवान. आमच्या इमारतीखाली ओल्या कचऱ्याचं यंत्र आहे. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, कचरा टाकला की वजन होतं, त्याचे पैसे महिनाअखेर बिलात. आमटी फेकायची असेल तर आधी पाणी निथळवायचं, नाहीतर पाण्याचे पैसे. हाडं, कवचं, कांद्याची सालं त्यात चालत नाहीत. आता मला सांगा, इतक्या मालिका पाहिल्यात, एक तरी नायक बाहीवर किमचीचा रस ओघळतोय आणि पाठीमागे शेजारीण रांगेत उभी आहे, असा पाहिलात?

पुण्याची_पमी

सुवॉनकर, माझा सगळा मूड घालवलात. रात्री दोनपर्यंत जागून मी काय बघते मग?

ते वय विचारायचं खरं आहे का? प्रत्येक मालिकेत पहिल्या भेटीत 'तुझं साल कुठलं'?

सुवॉनकर

१०० टक्के. जन्मसाल कळल्याशिवाय क्रियापद कुठलं वापरायचं तेच ठरत नाही. आपल्याकडे तू-तुम्ही चुकलं तर फार तर भुवया वर जातात. जून २०२३ पासून बहुतेक सरकारी कामांत आंतरराष्ट्रीय वयच मोजतात, म्हणजे एका रात्रीत सगळा देश वर्ष-दोन वर्षांनी तरुण झाला. हापिसातल्या कुणाच्या वागण्यात काडीचा फरक पडला नाही.

पीठमीठ

शिन-ओकुबो या कोरियन वस्तीचं नाव अजून कसं निघालं नाही? तोक्योतल्या आपल्या लोकांची आठवड्याची फेरी तिथे असायची, निशिकासाईत दुकानं वाढण्याआधी तर नक्कीच.

स्टेशनातून बाहेर पडा. उजवीकडे गेलात तर शाळकरी मुलींचा लोंढा, ताणलं तर हातभर लांब होणारं चीज घातलेले कोरियन हॉटडॉग, सौंदर्यप्रसाधनं, गायकांचे फोटो. डावीकडच्या गल्लीत हलाल खाटीक, नेपाळी दुकानं, आणि तूरडाळ, हिंग, कढीपत्ता. मी वर्षानुवर्षं त्या मुलींच्या गर्दीतून पाच किलो कणीक घेऊन धक्के खात आलोय.

पण ही वस्ती 'के-पॉपमुळे' झाली असं वाचलं की तिडीक येते. जपानात कोरियन लोक १९४५ च्या आधीपासून आहेत, कोरिया जपानची वसाहत होती तेव्हाचे. ओसाकातलं त्सुरुहाशी बघा, ते त्यांचं जुनं गाव. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतली कितीतरी माणसं आजही बाहेर जपानी नाव लावतात. शिन-ओकुबो त्या मानाने नवं. २००३-०४ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर 'विंटर सोनाटा' ही बर्फातली कोरियन प्रेमकथा लागली आणि मध्यमवयीन जपानी बायका तिच्यातल्या नटासाठी वेड्या झाल्या, तेव्हा तिथे बस भरभरून यायच्या. २०१२ मध्ये ताकेशिमा (कोरियनमध्ये डोकडो) बेटाच्या वादावरून दोन्ही देशांत बिनसलं, पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर कोरियन लोकांना हाकला म्हणून मोर्चे. दुकानं बंद पडली. द्वेषयुक्त भाषणांविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये आला. मग त्या बायकांच्या मुली, नाती यायला लागल्या.

स्टेशनच्या जिन्यात एक फलक आहे. २६ जानेवारी २००१ ला रुळांवर पडलेल्या माणसाला वाचवायला ली सू-ह्यॉन हा कोरियन विद्यार्थी आणि एक जपानी छायाचित्रकार खाली उतरले, तिघेही गेले. फलक जपानी आणि कोरियन दोन्ही भाषांत आहे. गर्दी त्याच्या समोरूनच जाते.

खडूस_आजोबा

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. गंभीरपणे म्हणतोय.

सॅनहोजेकर

मी जपानात कधीच राहिलो नाही, तरी आगाऊपणा करतो. आमच्या सॅन होजेला जपानटाउन आहे. अमेरिकेत अशी तीनच उरलीत, दुसरी दोन सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसला. १९४२ मध्ये सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते. परत आल्यावर बऱ्याच वस्त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

जुलैमध्ये तिथे बौद्ध मंदिरापाशी ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा उत्सव होतो. रस्त्यात गोल करून शेकडो लोक नाचतात, त्यात चौथी पिढी, निम्मी मिश्र लग्नांतली. एक तोक्योहून आलेली सहकारी पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, 'ही गाणी माझी आजी म्हणायची, आमच्याकडे आता कुणाला येत नाहीत.' मुलांना जपानी बोलता येत नाही, नाच मात्र पक्का. आमच्या महाराष्ट्र मंडळात समितीचा अध्यक्ष ज्या वर्षी भारतातून निघाला त्या वर्षीची गाणी वाजतात, हे पाहिलंय तुम्ही. तेव्हा सगळं जुनं जपान कार्टूनमध्येच शिल्लक आहे असं नाही, थोडं कॅलिफोर्नियातही आहे.

चहाटळ

मंडळाला का मधे ओढता. हलके घ्या.

इतकं सगळं गंभीर चाललंय म्हणून माझ्या जपानी साहेबांची गोष्ट. वय पन्नासच्या पुढे, करडा सूट, बैठकीत कधी आवाज चढत नाही. महिन्यातून एका शुक्रवारी बरोबर साडेपाचला निघतात. मला वाटायचं घरी कुणी आजारी असेल. एकदा बॅग उघडी राहिली, आत दोन प्रकाशकांड्या आणि कागदी पंखा, त्यावर चकचकीत अक्षरांत एका गायिकेचं नाव. इथल्या मुलींच्या गायनमंडळांत प्रत्येक मुलीचा ठरलेला रंग असतो, आपल्या लाडकीचा रंग कांडीवर लावायचा. पंखा छातीच्या वर धरायचा नाही, मागच्याला दिसलं पाहिजे. हा नियम त्यांनी मला ज्या गांभीर्याने समजावला, तितकं गांभीर्य वार्षिक अंदाजपत्रकाच्या वेळीही नव्हतं.

२००५ मध्ये अकिहाबारात एकेबी-४८ या मुलींच्या गायनमंडळाचं नाट्यगृह उघडलं, आणि सीडीबरोबर हस्तांदोलनाची चिठ्ठी द्यायची टूम निघाली. काही सेकंद हात हातात, मागून माणूस खांद्याला धरून पुढे सरकवतो. साहेब त्या काळातले. सीडीचे खोकेच्या खोके घरी पडलेत म्हणाले, बाईसाहेबांनी ते टाकायला काढले तर कुठल्या वारी टाकायचे यावर घरात एकमत होईना.

ऑक्टोबर २०२२ नंतर ते माझ्याशी एकदम आदराने बोलायला लागले. म्हटलं बढती की काय. आरआरआर लागला होता. 'तुमच्याकडे सगळे असं नाचतात का?' मी म्हटलं तो तेलुगू सिनेमा आहे, मी चिपळूणचा. ते म्हणाले, 'पण खांद्यावर तसे पट्टे लावून नाचता येतं ना?' तेव्हापासून मी कंपनीच्या वर्षअखेर पार्टीला आजारी असतो.

पुण्याची_पमी

😂😂 चिपळूणकर, एकदा नाचून टाका.

आता माझा खरा प्रश्न. एप्रिलमध्ये लेकाला घेऊन दहा दिवस टोकियोला जातोय. वय दहा, डोरेमॉन, शिनचॅन, घिबली स्टुडिओचे चित्रपट सगळं हवं. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. काय करू, काय टाळू?

नदीकाठची

पमी, तिकिटांपासून सुरुवात कर, कारण तिथेच लोकांचा पचका होतो. मिताकाच्या घिबली संग्रहालयात दारात तिकीट मिळत नाही. दर महिन्याच्या १० तारखेला जपानी सकाळी दहा वाजता पुढच्या महिन्याची तिकिटं लॉसन ही दुकानसाखळी खुली करते, म्हणजे तुझे पहाटे साडेसहा. एप्रिलसाठी १० मार्चला गजर लाव, सुट्टीचे वार लगेच संपतात. मोठ्यांना १,००० येन. आत फोटो काढू देत नाहीत, लेकाला आधीच सांग. डोरेमॉनसाठी कावासाकीचं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय, तिथेही वेळ ठरवूनच जावं लागतं. गच्चीवर ते पाइप ठेवलेत, टपरीवरच्यांनी दुःख करू नये.

खाण्याचं: 'मांस नको, मासे नको' एवढं सांगून भागत नाही. रस्सा, भाजी, सोबाची चटणी, सगळ्याखाली सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं आणि वाढणाऱ्या बाईंच्या मते तो मासा नव्हे, चव आहे. दुकानातल्या भाताच्या त्रिकोणांत उमेबोशीचा (खारवलेलं आंबट फळ) बहुधा ठीक, तरी मागचं लेबल फोनने भाषांतर करून बघ. पाकिटातल्या शेवयांत डुकराचा अर्क असतो, चित्र भाज्यांचं असलं तरी. थेपले आण. निशिकासाईत उतरलात तर इडलीही मिळेल.

टपरीवरचा

शिनचॅनसाठी कासुकाबेला जाच. गावाने त्याला मानाने मिरवलंय. आणि तिथे जातच आहात तर जमिनीखालची पुराची टाकी बघा, २००६ मध्ये पूर्ण झालेली. आसपासच्या लहान नद्या फुगल्या की पाणी भुयारातून तिथे येतं आणि पंपाने एदो नदीत सोडतात. १८ मीटर उंचीचे ५९ खांब आहेत, दहा वर्षांचा मुलगा वेडा होईल. मार्गदर्शन जपानीत, आधी नोंदणी करावी लागते. खाली उतरायला शंभरावर पायऱ्या आहेत, सासूबाई बरोबर असतील तर विचार करा.

पुण्याची_पमी

सासूबाई आहेतच. त्या म्हणतायत त्यांना फक्त ते कावळे बघायचेत.

नदीकाठची

मग मंगळवारी सकाळी आमच्याकडे ये. जळणाऱ्याचा वार आहे.